वडापावच्या किमतीचा रिसीव्हर आणि आयआर-कीटेबल

टीव्हीमागे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक चिकटवला, त्यावर सिनेमे दाखवणारं कोडी टाकलं, सिनेमे हार्डडिस्कवर भरले. इथवर फारसं कुणी अडत नाही. अडतं ते पाहुण्यांच्या हातात काय द्यायचं तिथे. तारकर्लीच्या किंवा गणपतीपुळ्याच्या होमस्टेमध्ये उतरलेल्या आजोबांना बिनतारी कीबोर्ड दिला, तर ते तो जपून उशाशी ठेवतात आणि टीव्ही बंदच राहतो. मोबाईलवरचं अ‍ॅप सुचवलं की आधी वाय-फायचा पासवर्ड, मग अ‍ॅप, मग 'तुमचा टीव्ही दिसत नाही हो'. रिमोट मात्र कुणाला शिकवावा लागत नाही. म्हणून हे परीक्षण दोन गोष्टींचं मिळून आहे: तीन पिनांचा इन्फ्रारेड रिसीव्हर आणि त्याला लिनक्सशी, म्हणजे रास्पबेरीवरच्या ऑपरेटिंग सिस्टमशी, जोडणारं आयआर-कीटेबल हे सॉफ्टवेअर. रिमोट चालला नाही की शिव्या सॉफ्टवेअरला बसतात आणि चूक बहुतेक वेळा वायरीत, उजेडात नाहीतर खाऱ्या हवेत असते.

कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, स्मॉल अक्षरांत टाइप करायच्या. कॅपिटल लागेल तिथे तसं लिहिलं आहे.

लिनक्सवर रिमोट म्हटलं की अजूनही पहिलं नाव निघतं लर्क या जुन्या सॉफ्टवेअरचं. एके काळी दुसरा पर्यायच नव्हता. रिसीव्हरकडून येणाऱ्या कच्च्या स्पंदनांचा अर्थ लावायला लर्कडी हा त्याचा प्रोग्राम मागे चालू ठेवायचा, प्रत्येक रिमोटची वेगळी कॉन्फ फाईल, आणि कुठल्या बटणाने कुठल्या प्रोग्रामने काय करायचं त्याची आणखी एक फाईल. रिमोटची फाईल तयार मिळाली नाही तर आयआर-रेकॉर्ड चालवायचं. ज्यांनी ते केलंय त्यांना ठिपके आठवत असतील: वेगवेगळी बटणं दाबत राहा, प्रत्येक बटणाला किमान एक ठिपका पण दहाच्या वर नको, आणि ऐंशी-ऐंशी ठिपक्यांच्या दोन ओळी भरेपर्यंत थांबायचं नाही. देवाला हजार तुळशीपत्रं वाहण्याइतका धीर लागतो. हा जाच कमी करायला २००८ च्या सुमारास ग्नोम डेस्कटॉपसाठी ग्नोम-लर्क-प्रॉपर्टीज नावाचं साधन निघालं. खिडकीत रिसीव्हर आणि रिमोटचं मॉडेल निवडायचं, फायली ते लिहिणार. कल्पना छान होती, पण खाली तेच लर्क होतं. ओल आलेल्या भिंतीला वरून डिस्टेंपर मारावा तसं ते झालं.

खरी सोय झाली ती कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात. २०१० सालच्या २.६.३६ या कर्नलमध्ये लर्कचे ड्रायव्हर मूळ संहितेतच आले आणि त्याच काळात रिमोटचे सांकेतिक प्रकार ओळखण्याचं काम कर्नलने स्वतःकडे घेतलं. आता साखळी अशी आहे: रिसीव्हर स्पंदनं देतो, कर्नल त्यातून स्कॅनकोड (रिमोटच्या बटणाचा क्रमांक) काढतो, कीमॅपमध्ये, म्हणजे बटणांच्या तक्त्यात, पाहून त्याचा कीकोड करतो आणि तो साध्या कीबोर्डच्या बटणासारखा पुढे पाठवतो. कोडीला, ब्राउझरला, कुणालाच कळत नाही की बटण रिमोटवर दाबलं गेलं. मागे काही चालू ठेवावं लागत नाही. आयआर-कीटेबल फक्त दोन कामं करतं: कुठले प्रकार ओळखायचे ते कर्नलला सांगणं आणि कीमॅप भरणं. त्याचा साधेपणा यातच आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने लर्कच्या वाटेला जायची गरज नाही. जुन्या ट्युटोरियलमध्ये लर्क दिसलं की ते बंद करून दुसरं शोधावं. रास्पबेरीसाठीच्या कित्येक जुन्या लेखांत 'लर्क-आरपीआय' नावाचा ओव्हरले (कुठलं हार्डवेअर जोडलंय ते बूट होताना सांगणारी सेटिंग) लिहिलेला असतो. तो ४.१९ कर्नलपासून काढून टाकला आहे. ती ओळ घालून लोक तासन्‌तास बसतात आणि काहीही होत नाही.

आता रिसीव्हर. बाजारात तीन नावं हमखास समोर येतात. व्हीएस-१८३८-बी हा सगळ्यात स्वस्त, बहुतेक ठिकाणी वडापावच्या किमतीत, आणि ऑनलाइन घेतला तर सोबत एकवीस बटणांचा काळा छोटा रिमोटही मिळतो. विशे कंपनीचा टीएसओपी-३८२३८ त्याहून महाग, पण कामाला सरस. आणि तिसरा टीएसओपी-१७३८. शाळा-कॉलेजच्या प्रोजेक्टांमुळे रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडीकडच्या दुकानात 'रिमोटचा सेन्सर' मागितलात तर पुष्कळदा हाच हातात पडतो. हा रास्पबेरीला लावू नका. त्याला किमान ४.५ व्होल्ट लागतात, म्हणजे ५ व्होल्टवर जोडावा लागतो आणि आउटपुटही ५ व्होल्टपर्यंत चढतो. रास्पबेरीच्या जीपीआयओ पिना, म्हणजे बाहेरचे भाग जोडायच्या पिना, ३.३ व्होल्टच्या आहेत. वर त्याच्या पिनांचा क्रमही वेगळा. घुमट आपल्याकडे ठेवून डावीकडून पाहिलं तर टीएसओपी-१७३८ मध्ये ग्राउंड, सप्लाय, आउटपुट; टीएसओपी-३८२३८ आणि व्हीएस-१८३८-बी मध्ये आउटपुट, ग्राउंड, सप्लाय. एकाची आकृती पाहून दुसरा जोडला की सप्लाय उलटा बसतो, रिसीव्हर चटका बसेल इतका तापतो आणि मरतो. जुन्या टीव्हीच्या बोर्डावरून काढलेला रिसीव्हर दुरुस्तीवाले फुकटही देतात, पण त्यावर बहुधा नाव-क्रमांक नसतो; तो ३६ किलोहर्ट्झचा की ३८ चा, पिना कुठल्या, हे शोधण्यात जाणारा वेळ त्या वडापावापेक्षा महाग पडतो.

किलोहर्ट्झचं थोडक्यात. रिमोटचा एलईडी नुसता पेटत-विझत नाही, एका ठरावीक वेगाने लुकलुकतो. एनईसी प्रकारचे रिमोट ३८ किलोहर्ट्झवर, आरसी-५ आणि आरसी-६ हे ३६ वर, सोनीचे ४० वर. ३८ चा रिसीव्हर शेजारच्या दोन्हींना ओळखतो, फक्त पल्ला घटतो. दहा बाय बाराच्या खोलीत तो फरक जाणवतही नाही. म्हणून एकच घ्यायचा तर ३८ चाच.

जोडणी तीन वायरींची आहे. सप्लाय रास्पबेरीच्या १ नंबरच्या पिनवर (३.३ व्होल्ट), ग्राउंड ६ नंबरवर, आउटपुट १२ नंबरवर, म्हणजे जीपीआयओ १८. सप्लायच्या वायरीत १०० ओहमचा रेझिस्टर आणि रिसीव्हरच्या अगदी पिनांजवळ सप्लाय-ग्राउंडमध्ये ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला. बहुतेक लेख हे दोन भाग गाळतात. टेबलावर चालतंही त्यांच्याशिवाय. पण टीव्हीच्या पाठीमागे, स्वस्त चार्जर आणि इन्व्हर्टरच्या सोबतीला, रिसीव्हरला गोंगाटाचा सप्लाय मिळतो आणि तो स्वतःहून खोटी स्पंदनं काढायला लागतो. रिसीव्हर जेमतेम मिलिअँपिअरभर ओढतो, तेव्हा १०० ओहमवर पडणारा व्होल्टेज नगण्य आहे. दुसरी खबरदारी डॅक बोर्ड लावणाऱ्यांसाठी: आवाजासाठी आयटूएस पद्धतीचा बोर्ड वर बसवला असेल तर तो जीपीआयओ १८ स्वतःच वापरतो. मग रिसीव्हर ११ नंबरच्या पिनवर, जीपीआयओ १७ ला न्या. सोल्डरिंग नकोच असेल तर केवाय-०२२ हा तयार मॉड्यूल घ्या. त्यावरचा छोटा एलईडी सिग्नल आला की लुकलुकतो, आणि निम्मं निदान तिथेच होतं.

सॉफ्टवेअरची बाजू. रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून कॉन्फिग-डॉट-टीएक्सटी ही फाईल बूट फोल्डरच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली आहे; जुन्यात ती थेट बूटमध्ये असे. शेवटी एक ओळ लिहायची: डीटीओव्हरले=जीपीआयओ-आयआर,जीपीआयओ_पिन=१८. रीबूट करा आणि 'सुडो एपीटी इन्स्टॉल आयआर-कीटेबल व्ही४एल-युटिल्स' म्हणा. आता लगेच कीमॅप लिहायला बसू नका. आधी 'आयआर-सीटीएल -आर' चालवा. ही कमांड प्रकार-बिकार ओळखत नाही, फक्त आलेली स्पंदनं मायक्रोसेकंदांत छापते. नेटवर तिचं नावही फारसं दिसत नाही, पण या सगळ्या संचातली सगळ्यात उपयोगी चीज हीच. रिमोटचं बटण दाबल्यावर अधिक ९०००, उणे ४५००, अधिक ५६० असे आकडे धावले तर हार्डवेअर ठीक आहे आणि रिमोट एनईसी आहे: ९ मिलिसेकंदांची लांब शिट्टी, ४.५ ची विश्रांती, मग ३२ बिट. काहीच आलं नाही तर सॉफ्टवेअरकडे पाहायचंच नाही, वायरी तपासायच्या. रिमोटवर संशय असेल तर मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यात रिमोटचा एलईडी धरा. जांभळट उजेड दिसतो. मागच्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर बहुधा जाड असतो, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

स्पंदनं येताहेत पण 'आयआर-कीटेबल -टी' मध्ये शांतता, ही सर्वात जास्त ऐकू येणारी तक्रार. कारणं दोन. पहिलं, जीपीआयओ-आयआर ओव्हरलेचा मूळ कीमॅप मायक्रोसॉफ्टच्या मीडिया सेंटर रिमोटचा, म्हणजे आरसी-६ चा आहे. तुमचा रिमोट एनईसी असेल तर कर्नल त्याच्याकडे लक्षच देत नाही. 'सुडो आयआर-कीटेबल -पी ऑल -टी' म्हणा, सगळे प्रकार उघडतात. दुसरं कारण नव्या रास्पबेरींवर भेटतं. एचडीएमआय केबलमधून येणारे रिमोटचे संदेशही कर्नल रिमोट म्हणूनच मोजतं, त्यामुळे आरसी-० आणि आरसी-१ (टाइप करताना मधली आडवी रेघ नको; आरसी-५, आरसी-६ या प्रकारांशी यांचा संबंध नाही) ही दोन नावं दोन एचडीएमआय पोर्टांना जातात आणि तुमचा रिसीव्हर आरसी-२ होतो. कधी पुढच्या बूटला क्रमच बदलतो. आयआर-कीटेबल काही न सांगता आरसी-० कडे कान लावून बसतं. नुसतं 'आयआर-कीटेबल' चालवून यादी बघा, जिथे ड्रायव्हर 'जीपीआयओ_आयआर_आरईसीव्ही' आहे तो नंबर -एस ने द्या. मूळ कीमॅप आणि नंबर, या दोन गोष्टी सोडवल्या की उरलेलं काम टायपिंगचं आहे.

बटण दाबलं की पडद्यावर प्रकाराचं नाव आणि स्कॅनकोड येतो. ते वहीत लिहून घ्या. एकवीस बटणांच्या त्या काळ्या रिमोटचे कोड ठरलेले आहेत, पुन्हा काढायची गरज नाही: २ म्हणजे ०एक्स१८, ८ म्हणजे ०एक्स५२, ४ म्हणजे ०एक्स०८, ६ म्हणजे ०एक्स५ए, मधला ५ म्हणजे ०एक्स१सी, आवाज कमी ०एक्स०७, जास्त ०एक्स१५, प्ले ०एक्स४३, ईक्यू ०एक्स०९. आकड्यांच्या बटणांनाच वर-खाली-डावी-उजवी करावं आणि ५ ला एंटर, कारण त्या रिमोटवर बाणच नाहीत. ईक्यूला बॅकस्पेस दिला की कोडीत मागे जाता येतं. पाहुण्यांसाठी बटणांवर बाणाचे स्टिकर लावा, नाहीतर '५ दाबा म्हणजे ओके' हे रोज सांगावं लागेल.

कीमॅपची फाईल ईटीसी फोल्डरमधल्या आरसी_कीमॅप्समध्ये ठेवायची, नावाच्या शेवटी डॉट-टॉमल. पहिल्या ओळीत दुहेरी चौकोनी कंसात 'प्रोटोकॉल्स', खाली नेम आणि प्रोटोकॉल अवतरणचिन्हांत, मग एकेरी कंसात 'प्रोटोकॉल्स.स्कॅनकोड्स', आणि पुढे प्रत्येक ओळीवर स्कॅनकोड, बरोबरचं चिन्ह, अवतरणात कीचं नाव. कीची नावं कॅपिटलमध्ये. नेटवर दिसणाऱ्या जुन्या फायली टॉमल नाहीत, त्यात पहिली ओळ 'टेबल' अशा शेऱ्याने सुरू होते. दोन्हींची खिचडी करू नका. 'सुडो आयआर-कीटेबल -सी -डब्ल्यू' आणि फाईलचा पत्ता, एवढ्याने जुना कीमॅप पुसून नवा भरला जातो आणि त्यातला प्रकारही आपोआप चालू होतो. रीबूटनंतर टिकायला ईटीसीमधल्या आरसी_मॅप्स-डॉट-सीएफजी या फाईलमध्ये एक ओळ: ड्रायव्हरचं नाव, तारकाचिन्ह (*), टॉमल फाईलचं नाव. ही ओळ बाकीच्यांच्या वर लिहा, कारण पहिली जुळणारी ओळच लागू होते. नंबराऐवजी ड्रायव्हरच्या नावावर जुळवल्यामुळे आरसी-० की आरसी-२ ही भानगडही संपते.

पॅकेजसोबत शंभराहून जास्त तयार कीमॅप येतात, तेव्हा परदेशी टीव्ही-कार्डाचा किंवा अँड्रॉइड बॉक्सचा रिमोट असेल तर आधी तिथे बघा. केबलवाल्याच्या बॉक्सचा रिमोट त्यात असेलच असं धरून चालू नका.

आता हे सगळं नीट चालल्यावर येणारे त्रास. इथे आयआर-कीटेबलचे गुण कापावे लागतात, कारण ते यातलं काहीच सांगत नाही. एक्स-११ या जुन्या पद्धतीच्या लिनक्स डेस्कटॉपवर २४७ च्या वरचे कीकोड पोचतच नाहीत. नाव बघून साहजिकच माणूस मधल्या बटणाला 'की_ओके' लावतो. त्याचा नंबर ३५२. 'की_सिलेक्ट' ३५३, 'की_चॅनलअप' ४०२, लाल बटण ३९८. चाचणीत सगळे दिसतात, डेस्कटॉपवर एकही चालत नाही. ओकेऐवजी एंटर आणि चॅनलऐवजी पेज-अप, पेज-डाउन लावावं. दुसरं, 'की_पॉवर' दिलं की सिस्टमडी (लिनक्सचा कारभार बघणारा प्रोग्राम) ते खरोखरचं पॉवर बटण समजतं आणि रास्पबेरी बंद होतो. पाहुण्याने 'टीव्ही बंद' करायला लाल बटण दाबलं की संपलं: बंद रास्पबेरीला जीपीआयओ-आयआर जागं करू शकत नाही. मग एक तर वायर काढून घाला नाहीतर ५ आणि ६ नंबरच्या पिना क्षणभर जोडा. सिस्टमडी फोल्डरमधल्या लॉगिनडी-डॉट-कॉन्फमध्ये 'हँडलपॉवरकी=इग्नोर' लिहावं (एच, पी आणि के कॅपिटल), किंवा ते बटण कीमॅपमध्ये घेऊच नये. दुसरा मार्ग चांगला.

एकदा दाबलं की दोन घरं पुढे जातं, ही तक्रार आली तर कुठेतरी लर्कडी चालू आहे. कर्नल एक बटण देतो, लर्क तेच दुसऱ्यांदा. लर्कची सर्व्हिस आणि सॉकेट दोन्ही बंद करा; नुसती सर्व्हिस बंद केली तर सॉकेट तिला पुन्हा उठवतं. आवाज वाढवताना बटण जरा जास्त धरलं की एकदम कर्कश होतो, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. एनईसी रिमोट दाबून ठेवल्यावर दर ११० मिलिसेकंदांच्या आसपास 'अजून दाबलेलंच आहे' एवढाच छोटा संदेश पाठवतो, आणि पुनरावृत्ती किती वेगाने करायची ते कर्नल ठरवतं. 'आयआर-कीटेबल -डी ७०० -पी २००', इथे डी आणि पी दोन्ही कॅपिटल, एवढ्याने ते शांत होतं. मूळ आकडे ५०० आणि १२५ असतात. वयस्कर माणसांसाठी ते फार चपळ आहेत.

लिब्रईलेक, म्हणजे फक्त कोडी चालवण्यापुरतं लिनक्स, वापरणाऱ्यांना पत्ते वेगळे. तिथे मूळ फाईल-सिस्टम फक्त वाचण्यापुरती असते. एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून आत शिरायची सोय) चालू करून आधी कोडी आणि इव्हेंटलर्कडी या दोन सर्व्हिस थांबवायच्या, नाहीतर चाचणीत काही दिसत नाही. कीमॅप स्टोरेजमधल्या डॉट-कॉन्फिगच्या आत आरसी_कीमॅप्समध्ये, आरसी_मॅप्स-डॉट-सीएफजी तिथेच शेजारी. कॉन्फिग-डॉट-टीएक्सटी बदलायला फ्लॅश विभाग लिहिण्याजोगा करून पुन्हा माउंट करावा लागतो. फक्त टीव्हीसाठीच बोर्ड असेल तर रास्पबेरी पाय ओएसपेक्षा हेच बरं: वर सांगितलेली २४७ ची अडचण इथे येत नाही.

उजेडाकडे वळू. आपल्या किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला, आणि समुद्र दिसावा म्हणून खोल्यांचं तोंडही पश्चिमेलाच. टीव्ही दाराच्या समोरच्या भिंतीवर असेल तर दुपारी चारपासून सूर्यास्तापर्यंत ऊन थेट रिसीव्हरवर येतं. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, रिसीव्हर त्यात दिपतो, आपली संवेदनक्षमता खाली आणतो आणि रिमोट दीड हातावरूनच चालायला लागतो. सकाळी ठीक, संध्याकाळी बंद, असं दिसलं की दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका. जुन्या स्केचपेनचं काळं टोपण दोन्ही बाजूंनी कापून रिसीव्हरवर बसवा, इंचभर पुढे येईल असं, आणि त्याचा रोख पलंगाकडे करा. पडवीत टीव्ही असेल तर हे लागतंच. रात्री फक्त दिवा लावल्यावर त्रास होत असेल तर जुना सीएफएल दिवा बघा. त्याचा चोक रिमोटच्याच वेगाच्या आसपास लुकलुकतो. त्याला टीएसओपी-३८२ ऐवजी टीएसओपी-३८४ मालिकेतला रिसीव्हर घेता येतो, तो अशा दिव्यांचा गोंधळ दाबायलाच बनवला आहे. अर्थात दिवा बदलणं सोपं.

आणि खारी हवा. देवबाग, हर्णै, वेळास, गुहागर, किनाऱ्यालगत कुठेही, जंपर वायरींच्या टोकातली पातळ क्लिप एका पावसाळ्यात काळी पडते. मग टीव्हीला धक्का लागला की रिमोट चालतो, पुन्हा बंद. कायमच्या जोडणीत जंपर वापरू नका. रिसीव्हरच्या पिनांवर थेट सोल्डर, वर हीट-श्रिंक, आणि उघड्या सांध्यांवर पारदर्शक नेलपॉलिशचा हात. घुमटाला मात्र लावायचं नाही. रिमोटमधल्या स्प्रिंगची अवस्था याहून वाईट. सीझन संपल्यावर, जूनमध्ये खोल्या बंद करताना सेल काढून ठेवले नाहीत तर ऑक्टोबरात स्प्रिंगवर हिरवा-पांढरा थर तयार असतो. अल्कलाइन सेल गळून आलेली पांढरी पूड लिंबाच्या दोन थेंबांनी निघते. कोकमाचं आगळ आंबट असलं तरी त्यात मीठ असतं, ते इथे नको. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं करायचं. बटणांखालच्या काळ्या रबरी ठिपक्यांनाही तोच अल्कोहोल. मासे खाल्लेल्या हातांनी दाबलेली बटणं कालांतराने जोर मागतात, त्याचं कारण तेवढंच. रिमोटला प्लास्टिकची पिशवी घालायची सवय या बाबतीत हसण्यासारखी अजिबात नाही, फक्त आत दमट हवा कोंडू नये म्हणून ती पावसात बदलावी.

हे सगळं कुणी करू नये, तेही सांगायला हवं. टीव्हीला एचडीएमआय-सीईसी असेल, तर रिसीव्हर घेऊच नका. टीव्हीचाच रिमोट केबलमधून कोडी चालवतो. सॅमसंग त्याला अ‍ॅनीनेट प्लस म्हणतो, एलजी सिमप्लिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ते चालू करावं लागतं. चालत नसेल तर केबल बदलून बघा, काही स्वस्त केबलींत १३ नंबरची वायरच नसते. रास्पबेरीऐवजी जुना पीसी असेल तर जीपीआयओ पिना नाहीत. तिथे मीडिया सेंटर (एमसीई) प्रकारचा यूएसबी रिसीव्हर लावला की कर्नल त्याला स्वतःच ओळखतो, पुढचं आयआर-कीटेबल तसंच. फाईल लिहिण्याचाच कंटाळा असेल तर फ्लर्क नावाचा यूएसबी तुकडा मिळतो. एकदा त्याच्या प्रोग्रामने बटणं शिकवली की तो कुठल्याही यंत्रात कीबोर्ड म्हणूनच दिसतो. महाग आहे, पण फोनवरून दुरुस्ती सांगावी लागत नाही. आणि स्ट्रीमिंग स्टिकसोबत येणारा ब्लूटूथ रिमोट इथे आणू नका: त्याची बहुतेक बटणं इन्फ्रारेड नाहीतच.

उलट दिशेने, म्हणजे रास्पबेरीकडून डिश-बॉक्सला किंवा टीव्हीला हुकूम सोडायचा असेल, तर पीडब्ल्यूएम-आयआर-टीएक्स हा ओव्हरले, ९४० नॅनोमीटरचा एलईडी आणि मध्ये २एन२२२२ ट्रान्झिस्टर लागतो. एलईडी थेट पिनला जोडू नका, ती पिन १६ मिलिअँपिअरपर्यंतच्या भाराची. पाठवायला 'आयआर-सीटीएल -एस' (एस कॅपिटल), पुढे प्रकार, कोलन आणि स्कॅनकोड. कर्नलला न ओळखता येणारे चमत्कारिक रिमोट असतात, त्यांच्यासाठी २०१८ सालच्या ४.१८ कर्नलपासून बीपीएफने (कर्नलच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) स्वतःचा प्रकार शिकवता येतो. एसीच्या रिमोटकडून मात्र बटणांची अपेक्षा ठेवू नका. तो प्रत्येक वेळी तापमान, पंखा, मोड अशी पूर्ण स्थिती एका लांबलचक संदेशात पाठवतो, बटण म्हणून त्याला काही अर्थच नसतो. लर्कची आठवण यावी अशी एखादीच जागा उरते, ती ही.

लाईट जाऊन-येऊन एसडी कार्ड खराब होणं आपल्याकडे नवीन नाही, तेव्हा टॉमल फाईल आणि आरसी_मॅप्सची ती एक ओळ मेलमध्ये पाठवून ठेवा; नवं कार्ड पाच मिनिटांत उभं राहतं. तीन-चार खोल्या असतील तर सगळीकडे तोच काळा रिमोट ठेवावा, दोन जास्तीचे कपाटात, सीआर-२०२५ सेलची पट्टी सोबत. त्यात एक अडचण आहे. जुन्या कौलारू घरांत मधल्या भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत, आणि वर पांढरं फॉल्स सीलिंग केलं असेल तर इन्फ्रारेड त्यावरून उडी मारून शेजारच्या खोलीतला सिनेमा थांबवतो. तिथे दुसऱ्या खोलीला वेगळ्या कंपनीचा, म्हणजे वेगळ्या अ‍ॅड्रेसचा रिमोट द्यायचा, त्याची टॉमल वेगळी, आणि आधी बघून घ्यायचं की दोघांचे स्कॅनकोड जुळत नाहीत ना.